वडाळ्याच्या वाटेवर दादांच्या जागी

लालबागमधील आमच्या चाळीच्या तळमजल्यावर भजनी मंडळाची एक खोली आहे आणि त्या खोलीत, मृदंगाशेजारच्या पत्र्याच्या पेटीत, हिशेबाची असते तशी एक लांबट वही आहे. तिच्यात हिशेब मात्र नाहीत. मंडळातील जी माणसे गेली त्यांची नावे आहेत. प्रत्येक नावाआधी वारकऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे 'वै.', म्हणजे वैकुंठवासी, पुढे तिथी, आणि शेवटच्या रकान्यात त्या माणसाकडे मंडळात जे काम असे ते. कोणापुढे 'मृदंग', कोणापुढे 'चाल उचलणे', कोणापुढे 'पताका', आणि एका नावापुढे नुसते 'चहा'. हा शेवटचा रकाना माझ्या वडिलांनी आखला होता. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. आषाढी एकादशीला पहाटे वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे निघण्यापूर्वी ही सगळी नावे उभ्याने वाचायची असा मंडळाचा नेम आहे आणि कित्येक वर्षे ती दादाच वाचत. 2022 च्या आषाढीला, 10 जुलैच्या पहाटे, वीणेकरी काकांनी ती वही माझ्या हातात दिली, कारण त्या वर्षी वाचायच्या नावांत दादांचे नाव आले होते.

वडाळ्याची वारी म्हणजे काय, हे गिरणगावातल्या माणसाला सांगावे लागत नाही. ज्याला पंढरपूर घडत नाही त्याने वडाळा गाठावा, इतका साधा तो व्यवहार आहे. दादा फलटण तालुक्यातले. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली की त्यांच्या घरची माणसे शेतातली कामे टाकून वाटेवर जाऊन उभी राहत. पण ते स्वतः मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागले आणि आळंदी ते पंढरपूर अशी अडीचशे किलोमीटरची वाट चालण्याइतकी रजा कायम नसलेल्या बदली कामगाराला कोण देणार? म्हणून रात्रपाळी करून आलेली माणसे एकादशीला आंघोळ करून, टाळ घेऊन, लालबाग ते वडाळा हे जेमतेम पाच किलोमीटरचे अंतर चालू लागली. गावाकडचे चुलते यावरून दादांची थट्टा करत, "पाच किलोमीटरची कसली रं वारी?" दादांचे उत्तर ठरलेले असे. "तुमच्या वाटंला सिग्नल न्हाईत. आमच्या हाईत."

ही नुसती कोटी नव्हती. आंबेडकर रोडवरून दिंडी जाताना सिग्नलला तुटते. पताका आणि वीणा पलीकडे जातात, मागच्या दोन-तीन ओळी अलीकडे अडकतात, मधून बस जाते, आणि मृदंगाचा ठेका एकीकडे तर टाळ दुसरीकडे अशी गत होते. दादा कायम शेवटच्या ओळीच्याही मागे चालत. दिंडी तुटली की टाळ काखेत मारून ते रस्त्यात उभे राहत, उजवा हात वर धरत आणि शेवटची म्हातारी पलीकडे पोचेपर्यंत तो हात खाली घेत नसत. लहानपणी मला याची फार लाज वाटे. आपले वडील वाहतूक पोलीस नाहीत, मग ते असे का उभे राहतात, असे मी आईला विचारले होते. आईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असल्यामुळे तिला मान हलवता आली नाही आणि उत्तरही मिळाले नाही.

वही वाचायला उभी राहिले तेव्हा मला वाटले होते त्यापेक्षा ते काम अवघड निघाले. पहिली काही पाने शाईच्या पेनने लिहिलेली असून अक्षरे पसरलेली आहेत. मधली पाने वेगळीच कहाणी सांगतात. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप लांबला तशी मंडळातील निम्मी माणसे बिऱ्हाड उचलून गावी गेली. ती पुन्हा भेटली नाहीत. त्यांच्याबद्दल कळले ते पोस्टकार्डाने. एक कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आले की पोस्टमनच्या चेहऱ्यावरूनच चाळीला समजे. असे कार्ड घरात ठेवू नये म्हणून दादा ते उंबऱ्याबाहेर उभे राहून वाचत, तिथेच फाडत, आणि मग खोलीत जाऊन वही उघडत. त्या पानांवर काही नावांना तिथीच्या जागी नुसता महिना आहे, कारण कार्डात तेवढेच लिहिलेले होते. कामाचा रकाना मात्र एकाचाही रिकामा नाही. त्यानंतर बऱ्याच पानांनी आईचे नाव येते आणि पुढे 'तुळस'. दादांनी ते कधी लिहिले मला ठाऊक नव्हते. त्या वहीतले ते पहिले बाईचे नाव होते. तिथे माझा आवाज अडकला. काकांनी हलकेच वीणेची तार छेडली आणि मी पुढची ओळ वाचली.

शेवटच्या पानावर सात नावे काकांच्या थरथरत्या हस्ताक्षरात होती. 2020 आणि 2021 या करोनाच्या दोन वर्षांतली. त्यांतील एकाच्याही अंत्ययात्रेत टाळ वाजला नव्हता.

2020 ची आषाढी 1 जुलैला होती. संतांच्या पादुका त्या वर्षी एसटीने पंढरपूरला गेल्या; वडाळ्याचे मंदिर बंद होते. दादांनी टीव्हीवर ती बस पाहिली, उठून आंघोळ केली, गंध लावले आणि टाळाच्या दोन्ही वाट्यांना आतून फडके लावले, म्हणजे शेजारच्या आजारी माणसाला त्रास नको. मग आमच्या मजल्याच्या गॅलरीतून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. मी म्हणाले, "दादा, बसा की आता, गुडघे दुखतील." ते म्हणाले, "माउली एसटीनं गेली म्हणून आपण काय बसून राहायचं व्हय?" लोक दारादारांत उभे होते. फडक्यामुळे टाळाचा आवाज येत नव्हता, नुसती टपटप येत होती, आणि प्रत्येक दारापुढून ते गेले की आतून कोणीतरी हळू आवाजात 'ज्ञानबा तुकाराम' म्हणत होते. दोन तास ते चालले. त्यांच्या हिशेबाने वडाळा आला तेव्हा जिन्याजवळच्या तुळशीच्या कुंडीपुढे ते डोके टेकून आले.

पुढच्या चैत्रात, संकष्टीच्या दिवशी, ते गेले. आमच्या चाळीत वारकरी गेला तर त्याला भजनात नेण्याची रीत आहे; तिरडीपुढे मृदंग असतो आणि स्मशानाच्या दाराशी तुकोबांचा निरोपाचा अभंग होतो. दादांनी स्वतः किती जणांना असे पोचवले होते, ते वहीवरून मोजता येईल. त्यांना न्यायला रुग्णालयाच्या मागच्या दाराशी मी, भाऊ आणि वहिनी एवढेच होतो. चेहरा दाखवता येणार नाही असे सांगण्यात आले. बंद पिशवीवर एक कागद चिकटवलेला होता, त्यावर नाव, वय आणि क्रमांक होता; आम्ही तो कागद वाचून मान डोलावली, हीच काय ती ओळख पटवणे. शववाहिका चाळीवरून गेली नाही. दहावा घरीच झाला, गुरुजींनी मोबाइलवरून मंत्र सांगितले. कावळा मात्र लगेच शिवला. लालबागचे कावळे एरवी मासळीवर पोसलेले आणि नखरेल, त्यामुळे एवढ्या लगबगीने आलेला पाहून भाऊ त्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

तो चिकटवलेला कागद माझ्या डोक्यातून जात नव्हता आणि त्यामुळेच चोखोबांची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. त्यांच्या अस्थी आणायला नामदेव गेले. ढिगाऱ्यात सगळ्यांची हाडे एकत्र झालेली. परंपरा असे सांगते की नामदेवांनी एकेक हाड कानाला लावले आणि ज्यातून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू आले तेवढी उचलून पंढरपूरला आणली. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे आणि खुद्द नामदेव त्याच द्वारातल्या पायरीखाली आहेत. दादा ही गोष्ट सांगताना इथे थांबत आणि बाकीच्या मजुरांच्या हाडांचे काय झाले असेल, असे विचारत. त्यांनीही कोणाचे तरी नाव घेतले असेलच की. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या आणि एका कानाने कमी ऐकणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडावा, याचे मला तेव्हा काही वाटले नव्हते.

आपल्या संप्रदायाचे दिनमान पाहिले तर त्यातले मोठे दिवस जन्माचे नाहीत, जाण्याचे आहेत. आळंदीचा कार्तिक वद्य त्रयोदशीचा सोहळा ज्ञानदेवांच्या 1296 मधील समाधीचा, देहूची बीज तुकोबांच्या प्रयाणाची, पैठणची षष्ठी नाथांच्या जलसमाधीची. या दिवशी कीर्तन होते, काला होतो, लाह्या-दही वाटले जाते आणि माणसे खळखळून हसतातही. परगावचा कोणी पाहील तर त्याला हे दुःखाचे दिवस वाटणार नाहीत. दादांच्या वर्षश्राद्धाला मी सगळे विधी केले. तरी काही राहिले आहे ही रुखरुख गेली नव्हती, आणि काय राहिले आहे हेही सांगता येत नव्हते.

नावे संपल्यावर 'पुंडलिक वरदा हरि विठ्ठल' झाले आणि आम्ही निघालो. पाऊस रिपरिपत होता, मृदंगाला प्लॅस्टिक गुंडाळले होते. तुळस वहिनीच्या डोक्यावर होती. खरे तर मंडळातल्या बायकांनी ती मलाच द्यायचे ठरवले होते, पण मी दादांचे टाळ गळ्यात घातले होते आणि दोन्ही एकदम होत नाही. त्या टाळांची दोरी त्यांनी गिरणीतल्या सुताला पीळ देऊन स्वतः केलेली होती. ज्या ठिकाणी त्यांची तर्जनी अडके तिथे ती काळी आणि गुळगुळीत झाली आहे. माझे बोट बारीक असल्यामुळे दोरी सारखी फिरे आणि टाळ तिरपे वाजत. भारतमाता सिनेमापर्यंत मला ठेका सापडला नाही. शेजारच्या टाळकरी काकूंनी न बोलता माझे कोपर थोडे वर उचलले, तेव्हा कुठे वाट्या समोरासमोर आल्या. उड्डाणपुलाखाली गेल्यावर तीस-चाळीस टाळांचा आवाज वरच्या काँक्रीटला आपटून असा परत येतो की आपण दुप्पट माणसे आहोत असे वाटते. वर्षानुवर्षे तिथे सगळे जण आपोआप चाल वाढवतात. दोन वर्षांच्या खंडानंतर तो आवाज ऐकून पुढच्या ओळीतले एक आजोबा चालता चालता डोळे पुसू लागले आणि त्यांनी टाळ मात्र थांबवले नाहीत.

हिंदमाताजवळ सिग्नल पडला. पताका, वीणा आणि तुळस पलीकडे गेली आणि आम्ही अलीकडे राहिलो. मागे पाहिले तर पाय ओढत येणाऱ्या चार-पाच बायका अजून बऱ्याच लांब होत्या. मी रस्त्यात कधी गेले, टाळ कधी काखेत मारले, हे मला सांगता येणार नाही. हात वर होता आणि एक टॅक्सीवाला खिडकीतून डोके काढून मला काहीतरी सुनावत होता, एवढे कळत होते. तो बोलायचा थांबला, गळ्यातल्या टाळांकडे पाहून म्हणाला, "जाऊ द्या माउली, सावकाश," आणि त्याने इंजिन बंद केले. शेवटची बाई पलीकडे जाईपर्यंत माझा हात वर राहिला. त्या साऱ्या वाटेत मी रडले नव्हते. तिथे रडले, आणि मग खोदादाद सर्कलला, पुन्हा फाइव्ह गार्डन्सच्या वळणावर, तेच करत गेले.

वडाळ्याला रांग चार तासांची होती. तिच्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. केळी, राजगिऱ्याचे लाडू, भिजलेली छत्री आणि पुढच्याच्या पाठीला लागलेले कपाळ. समोर पोचल्यावर मागून धक्का आला आणि मागायचे काही सुचण्याआधीच मी बाहेर पडले.

दुपारी खोलीत परतल्यावर काकांनी वही पुन्हा उघडली. शेवटच्या पानावरील सहा नावांपुढे त्यांनी कामे लिहिलेली होती, दादांच्या ओळीत नाव आणि 'चैत्र वद्य चतुर्थी' एवढेच होते. "तुझ्या अक्षरात असू दे," असे म्हणून त्यांनी पेन पुढे केले. मी 'टाळ' लिहिले, स्वल्पविराम दिला आणि 'सिग्नल' लिहिले. काकांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, पेटी बंद केली आणि विचारले, "पुढच्या वर्षी मागे तूच ना?"