आई एकटी बाजारात गेली : चंदीगड, दादर आणि कोथरूड

शिमल्याला जाताना आम्ही चंदीगडला मुक्काम केला. शिमल्याविषयी मला फारसे लिहायचे नाही; सेक्टर १५ मधल्या एका सकाळीविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. गुडघेदुखीमुळे कोथरूडमध्ये सोबतीशिवाय फाटकाबाहेर न पडणारी माझी आई, "तू चहा घे, मी जाऊन येते," असे म्हणून मावशीच्या घरून एकटी बाजारात गेली आणि मटारची पिशवी घेऊन, न दमता परत आली. मला भरून आले.

हे त्या शहराच्या आखणीमुळे घडले. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी प्रत्येक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब ठेवला, वेगवान रस्ते त्याच्या कडेने नेले, बाजाराचा रस्ता मधोमध घेतला आणि हिरव्या पट्ट्यांतून खास चालणाऱ्यांसाठी वाटा काढल्या. त्यामुळे भाजी, औषधे, शाळा या गोष्टी मोठा रस्ता न ओलांडता मिळतात. सेक्टरची हद्द संपली की मात्र हे सुख संपते. शेजारच्या सेक्टर १६ मधल्या गुलाबबागेत जाण्यासाठी आम्ही रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे राहिलो, गाड्यांचा वेग काही कमी होईना, आणि शेवटी आईने माझा दंड घट्ट धरला.

दादरच्या हिंदू कॉलनीत मला याच्या उलट अनुभव येतो. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतली ही वस्ती दाट आहे, गाड्या दुतर्फा उभ्या असतात. तरीही झाडांच्या सावलीतून चालत दवाखाना, वाणी, स्टेशन सारे गाठता येते, आणि गल्ली संपली म्हणून पायी चालणे थांबत नाही.

कोथरूडला परतल्यावर मला फार वाईट वाटले. पदपथाची १.८ मीटर रुंदी मोकळी असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आमच्या रस्त्यावर पदपथ आहे, पण प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तो तुटतो, आणि आईला दर वीस-पंचवीस पावलांवर गुडघा दाबून उतरावे नि चढावे लागते. फाटकासमोरही पदपथ त्याच उंचीवर सलग ठेवावा आणि चढ-उतार गाडीने करावा, एवढेच माझे मागणे आहे. येत्या बैठकीत ते मी आमच्या सोसायटीपुढे लेखी मांडणार आहे.