गोठ्यातला शान

फेब्रुवारी 2024 मधील त्या सकाळी लेहहून निघताना गाडीत भुलीच्या औषधांची पेटी आणि भुलीची सुई मारायची फुंकनळी होती, आणि ती वापरावी लागणारच असे मी गृहीत धरले होते. हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील एका गावात हिमबिबट्या रात्री मेंढ्यांच्या गोठ्यात शिरला आणि अजून आतच आहे, एवढाच निरोप आला होता. त्याआधी पशुवैद्य म्हणून मी काही वर्षे जुन्नर भागात काम केले होते. तेथे विहिरीत बिबट्या पडल्याचे कळताच जमणारी गर्दी आणि आरडाओरडा माझ्या सवयीचा होता. येथे मात्र वीस-पंचवीस माणसे गोठ्याच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, निमूट उभी होती.

गोठ्याला दगडी भिंती होत्या आणि वर पॉप्लरचे वासे, विलोच्या काड्या व माती यांचे धाबे होते. चारा टाकण्यासाठी धाब्यात ठेवलेल्या झरोक्याच्या कडेला धुरकट पांढऱ्या केसांचा पुंजका अडकला होता. आत डोकावलो तेव्हा आधी मेलेल्या मेंढ्याच दिसल्या. चौदा जनावरांपैकी तेरा गेली होती. डोळे अंधाराला सरावल्यावर कोपऱ्यात तो दिसला. जवळजवळ मीटरभर लांबीची, माझ्या दंडाएवढी जाड दिसणारी शेपटी त्याने पंजांवरून नाकापर्यंत ओढून घेतली होती. कड्यांवर तोल सावरणारी हीच शेपटी थंडीत पांघरूण होते, हे मी वाचले होते. पण त्या केसांवर श्वासाचे दव गोठून पांढरी कड धरलेली पाहिली, तेव्हा ते खऱ्या अर्थाने कळले. त्याला डरकाळी फोडता येत नाही. विजेरीचा झोत पडताच तो कान पाडून फक्त फिस्कारला.

एका रात्रीत तेरा जनावरे मारली म्हणजे त्याला रक्ताची चटक लागली, असे सहज म्हटले जाते आणि ते मला मुळीच पटत नाही. उघड्या उतारावर त्याने एका भरलावर (हिमालयातल्या रानमेंढीवर) झेप घेतली की बाकीचा कळप क्षणात कड्यावर चढून दिसेनासा होतो, आणि ती एक शिकार त्याला कित्येक दिवस पुरते. बंद गोठ्यात मात्र भेदरलेली जनावरे पुन्हा पुन्हा त्याच्यासमोरूनच धावत राहतात, त्यामुळे झेप घेण्याची ऊर्मी शमायला वावच मिळत नाही.

भूल द्यावी की नाही, हा निर्णय माझा होता. बाहेर उणे 18 अंश तापमान होते. भुलीखाली शरीराची उष्णता झपाट्याने उतरते, आणि भरल्या पोटी उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत गेले, तर जनावर हातचे जाते. राष्ट्रीय गणनेचे आकडे महिन्याभरापूर्वीच जाहीर झाले होते: देशभरात 718 हिमबिबटे, त्यांपैकी 477 लडाखमध्ये. त्यांतला एक माझ्या घाईने गमावणे मला मान्य नव्हते. मी पेटी बंद केली.

इतक्यात एका तरुणाने मोठा दगड उचलला. त्याचा राग अनाठायी नव्हता. त्या घराचे वर्षभराचे दूध आणि लोकर आत मरून पडली होती. गोठ्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे आमा-ले म्हणत होते, त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “दगड टाकू नकोस. आत माझी एक शेळी अजून उभी आहे.” खरोखरच गव्हाणीमागे एक काळी शेळी निश्चल उभी होती.

धाबे रिकामे करायला लावून आम्ही दार सताड उघडले आणि समोरच्या घराच्या गच्चीवर जाऊन बसलो. चार तास काहीच हलले नाही. ऊन मावळल्यावर दारात आधी डोके दिसले, मग ते लोकरी, रुंद पंजे बर्फावर आवाज न करता पडू लागले. शान (लडाखीत त्याला हेच म्हणतात) ओढा ओलांडून उतारावर गेला आणि दहा-बारा पावलांतच राखी खडकांत असा मिसळला, की दुर्बिणीतूनही तो मला पुन्हा सापडला नाही.

नुकसानभरपाईचा पंचनामा वनरक्षकांनी तेथेच लिहून घेतला. झरोक्याला लाकडी चौकट आणि लोखंडी जाळी बसवायचे ठरले, पण ते साहित्य लेहहून यायचे होते. आमा-ले त्यासाठी थांबल्या नाहीत. शेळीला घरात चुलीजवळ बांधून त्या परत आल्या, जुन्या दाराची फळी झरोक्यावर आडवी टाकली, आणि त्या तरुणाला तोच मोठा दगड उचलून वर ठेवायला सांगितले.