तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅडमिट केलं की सुटते का?

नात्यात, सोसायटीत कोणाच्या घरी पिण्याचा प्रॉब्लेम झाला की कोणीतरी वहिनी मला जिन्यात गाठते, "दादा, ह्यांना अ‍ॅडमिट केलं तर कायमची सुटेल ना हो?"

अहो, सेंटरमध्ये कोणाचीही सुटते, तिथे मिळतच नाही. थरथर, घाम, काहींना फिट, ते पहिल्या चार-पाच दिवसांत डॉक्टर सांभाळतात. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, त्यामुळे न्यायचं कुठे हे सगळ्यांना माहितीये, घरी आणल्यावर पुढे काय हे कोणी विचारत नाही.

मी पहिल्यांदा बाहेर आलो तेव्हा वजन वाढलेलं, तोंडाला चव आलेली, मग दोन फॉलोअप केले आणि म्हटलं झालं की आता, कशाला सारखं जायचं. दीड महिन्यात परत क्वार्टर. भांडण नाही, टेन्शन नाही, पगार झालेला आणि भोसरीहून येताना कडकडून भूक लागलेली, बस एवढंच. एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगमध्ये सांगायचे, भूक, राग, एकटेपणा, थकवा, ह्या चौघांना जपा. मला तेव्हा पोरखेळ वाटायचा.

घरचेही तेव्हा दारातच तोंडाचा वास घ्यायचे. (भाऊ अजून वास घेतो.) न पिता रोज चोर ठरायचं, मग वाटतं पिऊनच येऊ.

दुसऱ्या वेळी एटीएम कार्ड बायकोकडे दिलं, बॅगेत राजगिऱ्याचा लाडू, फॉलोअप एकही चुकवला नाही, आणि रोज सातला तिचा फोन, "येताना कोथिंबीर आणा." भाजीवाला डाव्या हाताला, वाईन शॉप उजव्या. महिन्याभराने फ्रीज उघडला तर चार जुड्या, दोन पार पिवळ्या. काही बोललो नाही, पाचवी आत ठेवली.

आणि ते भाजीत गुपचूप गोळी टाकायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका. त्या गोळीवर, म्हणजे डायसल्फिरामवर, माणूस प्यायला तर उलट्या, धडधड, बीपी पडतं, जीवावरही बेततं. ती डॉक्टरांनी, त्याला सांगूनच द्यायची.

सध्या मेहुणा आत आहे. डिस्चार्ज नेमका गटारीच्या आठवड्यात. सासूबाईंना म्हटलंय, तिकडे त्याचे मित्र टपलेत, आठ दिवस आमच्याकडे पाठवा, सातला कोथिंबीर आणायला त्यालाच धाडतो, पण माझ्यासोबत.