पोर्तोमध्ये पोटभर आणि खिशाला परवडेल असे

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात आलेला प्रवासी सर्वांत आधी नदीकाठी जातो, आणि त्यात वावगे काही नाही. दोउरू नदी, तिच्यावर १८८६ साली खुला झालेला दों लुईश राजाच्या नावाचा दुमजली लोखंडी पूल आणि पैलतीरावर गाया शहरातल्या पोर्ट वाइनच्या कोठारांची लाल कौले हे दृश्य पाहण्यासाठीच तर माणूस इतक्या लांब येतो. मात्र रिबेइरा नावाच्या या भागात उपाहारगृहांच्या दारात चार-पाच भाषांतली सचित्र मेनूकार्डे घेऊन माणसे उभी असतात, आणि तिथल्या जेवणाच्या बिलात त्या दृश्याचे पैसे धरलेले असतात. तिथे कॉफी जरूर प्यावी. जेवणासाठी चढ चढून वर, बोन्फीम किंवा सेदोफेइतासारख्या राहत्या वस्त्यांकडे वळावे. आणि शक्यतो दुपारी वळावे, कारण पोर्तो स्वस्तात जेवू घालते ते दुपारीच.

याचे कारण सरळ आहे. दुकानांत, कचेऱ्यांत, बांधकामांवर काम करणारी माणसे दुपारी बाहेर जेवतात, आणि त्यांच्या भरवशावर ‘ताश्का’ नावाच्या छोट्या खानावळी चालतात. तिथे दिवसाला दोन-तीनच पदार्थ मोठ्या पातेल्यांत शिजतात आणि त्यांची नावे हाताने लिहून दाराच्या काचेवर चिकटवलेली असतात. या ‘प्रातु दु दिया’मध्ये, म्हणजे त्या दिवसाच्या थाळीत, बहुतेक ठिकाणी सूप, पाव, मुख्य पदार्थ, पेय आणि शेवटी कॉफी एवढे सगळे साधारण आठ ते बारा युरोंत मिळते. संध्याकाळी तीच खानावळ एकेका पदार्थाचे वेगळे पैसे लावते. म्हणून आम्ही मुख्य जेवण दुपारी साडेबाराच्या सुमारास उरकत असू आणि रात्री सूप, पाव, चीज एवढ्यावर भागवत असू; दीड वाजेपर्यंत थांबले तर चांगला पदार्थ संपलेला असतो आणि काचेवरच्या त्या कागदावर एक ओळ खोडलेली दिसते.

बोन्फीममधल्या अशाच एका ताश्कात टेबलांवर कागद अंथरलेला होता, कोपऱ्यात दूरदर्शनवर बातम्या चालू होत्या आणि मालकीणबाई शेवटी पेनाने त्याच कागदावर बेरीज करून बिल सांगत होत्या. मी बाकाल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा मागवला होता. तो गोमेस द सा या पद्धतीचा होता. पोर्तोच्याच एका कॉड-व्यापाऱ्याचे नाव या पद्धतीला मिळालेले आहे. माशाच्या पाकळ्या, बटाट्याच्या चकत्या, ऑलिव्ह तेलात मऊ केलेला भरपूर कांदा, वर उकडलेले अंडे आणि काळे ऑलिव्ह. इतक्या साध्या जिनसांतून इतकी भरीव चव उतरते, याचे श्रेय माशाला आधी दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजत ठेवणाऱ्या हाताला द्यायला हवे. वाढपाचे प्रमाण मात्र आपल्याला दचकवणारे असते. एकाच ताटात भातही आणि बटाटेही येतात, आणि पूर्ण वाढप दोघांना पुरते. एकट्याने जेवायचे असेल तर ‘मेया दोझ’, म्हणजे अर्धे वाढप, मागावे. ते मागण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

बसल्याबरोबर न मागता समोर येणारे पाव, लोणी आणि ऑलिव्ह फुकट नसतात. त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात आणि खाल्ले तर त्याचे पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवावे. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या कुव्हेरचे पैसे लावण्यास तिथल्या कायद्याची मनाई आहे. मी स्वतः मात्र मक्याचा दाट, जड ‘ब्रोआ’ पाव दिसला की कुव्हेर ठेवून घेत असे.

माझी पत्नी शाकाहारी आहे, आणि पोर्तोत तिची खरी पंचाईत सुपाने केली. ‘काल्दु व्हेर्द’ हे उत्तरेचे लाडके सूप पाहायला निव्वळ हिरवे असते: घोटलेला बटाटा आणि त्यात केसासारखी बारीक चिरलेली कोबीवर्गीय पालेभाजी. पण वाढताना त्यात शोरिसु सॉसेजची चकती टाकतात, त्यामुळे आधी विचारून घेणे भाग असते. गोव्याच्या चोरिसाचे हे मूळ. मात्र गोव्याचा तिखट-आंबटपणा त्यात नाही, धुराची चव आहे. साधे भाज्यांचे सूप बहुतेक कॅफेंत दोन-तीन युरोंना मिळते, आणि चीज-टोस्टबरोबर तेवढे तिला पुरत असे.

बोल्यांव बाजारात ही भाजी कशी चिरतात तेही पाहायला मिळाले. विक्रेतीने पानांची घट्ट गुंडाळी यंत्रात सरकवली, दांडा फिरवला आणि खाली हिरव्या धाग्यांचा ढीग पडला. १९१४ सालची ही दुमजली इमारत दीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडली. तिथे आता हातात पेला घेऊन फिरणारे पर्यटकच अधिक दिसतात आणि तयार पदार्थ महाग आहेत, परंतु फळे, ऑलिव्ह आणि चीज घेण्यासाठी ती जागा अजूनही उत्तम आहे.

घाईच्या वेळी बिफाना आहेच: रश्शात मंद शिजणारे डुकराच्या मांसाचे पातळ काप कडक पावात भरून देतात. काउंटरपाशी उभे राहून खावे. बाहेरच्या टेबलावर बसले की अनेक कॅफेंत तोच पदार्थ महागतो. फ्रान्सेझिन्या या गाजलेल्या पदार्थाविषयी मात्र माझे मत फारसे अनुकूल नाही. पावात मांसाचे थर, वर वितळलेले चीज, त्यावर बिअर घातलेला गरम सॉस आणि भोवती तळलेले बटाटे; एक मागवून दोघांनी खाल्ला तरच तो पोटालाही आणि खिशालाही झेपतो.

रविवारी बऱ्याचशा ताश्का बंद असतात आणि बोल्यांव बाजारही बंद असतो. त्या दिवशी स्थानिक लोक करतात तेच आम्ही केले: ‘शुराश्केइरा’ म्हणजे कोळशावर कोंबडी भाजणाऱ्या दुकानासमोर रांगेत उभे राहिलो. कोंबडी मधोमध उघडून सपाट भाजतात, कात्रीने तुकडे करतात आणि पिरी-पिरी, म्हणजे मिरचीचा तिखट सॉस, हवा का असे विचारून ब्रशने वरून लावतात. अमेरिकेतली मिरची पोर्तुगीज जहाजांतूनच आफ्रिकेत आणि आपल्या किनाऱ्यावर पोहोचली, तरी खुद्द पोर्तोतले तिखट आपल्या जिभेला बेताचेच वाटते. तेव्हा ‘जास्त लावा’ असे निःशंक सांगावे. सोबत भात आणि सॅलड घेतले की मांसाहारी घरातल्या तिघांचे जेवण होते. पत्नीसाठी मी शेजारच्या दुकानातून चीज आणि ब्रोआ घेतला.