वाडगा आधी उलटा करते

हाताने घडवलेला स्टोनवेअरचा, म्हणजे खूप तापवून घट्ट भाजलेल्या मातीचा, वाडगा घ्यायचा असेल तर मी तो आधी उलटा करते. रंग नंतर.

तळाच्या कडीवर झिलई, म्हणजे काचेसारखा लेप, नसते. भट्टीत ती वितळून भांडं फळीला चिकटेल म्हणून मुद्दाम पुसलेली असते. त्यामुळे नुसती भाजलेली माती दिसते, आणि घडवणाऱ्याचा हातही. भांडं अर्धवट वाळलं की चाकावर पालथं ठेवून ही कडी तासतात. बोट फिरवून खरखर लागली तर टेबलावर ओरखडे ठरलेलेच. तळात ‘एस’सारखी चीर दिसली तर वाडगा परत ठेवायचा: चाकावर बूड नीट दाबलं गेलं नाही, किंवा ते भिंतींपेक्षा जाड राहून उशिरा वाळलं.

मग वजन. दिसतो त्यापेक्षा जड लागला तर बहुधा बूड तासायचं राहिलंय. आत बोटांच्या वळ्या दिसल्या तर मला आवडतात. साच्यातल्या मालाला त्या नसतात, उलट बऱ्याचदा जोडाची रेघ असते. सहाचा सेट तंतोतंत सारखा मागू नये. ओली माती भाजेपर्यंत सुमारे १२ टक्के आकसते, म्हणजे ६ इंचांच्या वाडग्यासाठी चाकावर जवळजवळ ७ इंच काढावे लागतात. उन्नीस-बीस होणारच.

बोटांवर तोलून टिचकी मारावी. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे बारीक तडा किंवा कच्ची भाजणी. स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंशांवर भाजतात.

झिलईकडे आता बघायचं. बडोद्यात फाइन आर्ट्समध्ये अनेक वर्षं शिकवलेल्या ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांची मंद, मॅट भांडी पाहिली की चकचकीतपणाचा मोह उतरतो. जाळीदार तडे मात्र तपासावेत. निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की ते पडतात. फुलदाणीवर शोभतात, आमटीच्या वाडग्यात हळद शिरते ती निघत नाही.

घरी दोन चाचण्या. कोरडा वाडगा वजन करून २४ तास पाण्यात बुडवायचा, पुसून पुन्हा वजन करायचं. ४०० ग्रॅमचा ४०८ झाला तर २ टक्के, चालेल. ४२० झाला तर रोजच्या वापराला आणि मायक्रोवेव्हला नको. दुसरी, लिंबाची फोड रात्रभर झिलईवर ठेवायची. सकाळी तिथला रंग उतरलेला दिसला तर दही-लोणचं त्यात नाही, किल्ल्या ठेवाव्यात.