ओटीतल्या ब्लाउजपीसचं वाण: स्क्रंच्या, खणाचे बो आणि फोमचा गजरा

यंदा संक्रांतीच्या वाणाला डब्या-चाळण्या नाहीत. सगळं वाण केसांत घालायचं आणि सगळं घरीच केलेलं. दसऱ्यानंतर कामाला हात घातला, आता निम्म्याच्या पुढे आलेय, म्हणून इथवरची नोंद.

भांडवल कपाटात पडूनच होतं: ओटीत आलेले ब्लाउजपीस. रंग कुठल्या साडीवर जात नाही, पोत शिवण्याजोगा नाही, म्हणून ते पुढच्या ओटीत जातात आणि फिरून फिरून कधीकधी आपल्याकडेच परत येतात. एरवी कुरकुर होते त्याच कापडावर वाणाचं सगळं गणित बसतंय. ८० सेंमी लांबीचा आणि ९० सेंमी पन्ह्याचा पीस घेतला, की १० सेंमी रुंदीच्या आठ पट्ट्या पडतात, त्या मधोमध कापल्या की ४५ सेंमीच्या सोळा. म्हणजे एका पीसमध्ये सोळा स्क्रंच्या (आत इलॅस्टिक ओवलेली, केस बांधायची कापडी कडी), आणि चिंधीसुद्धा उरत नाही. कापड फुकट असल्यामुळे पैसे जिथे घालायला हवेत तिथे, म्हणजे इलॅस्टिकमध्ये आणि क्लिपच्या पत्र्यात, मोकळ्या हाताने घालता येतात. विकतच्या स्वस्त मालात नेमकं उलट असतं. वर झगमग आणि आतलं रबर आठवड्यात सैल.

कापायच्या आधी दोन गोष्टी करते. पीस भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून बघते. रंग उतरला तर तो पीस बाद, कारण तेल लावलेल्या ओल्या केसांवर कच्चा रंग मानेपर्यंत उतरेल. मग कडेचा एक दोरा ओढून चिमट्यात धरून जाळते. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पण ओटीत रेशीम कोण देतंय! ही परीक्षा उगाच नाही. पॉलिएस्टरची कड मेणबत्तीच्या आचेजवळून फिरवली की दशा सुटत नाहीत, सुती कापडाला मात्र शिवण किंवा झिगझॅग कात्रीच लागते. शिवाय कुणाच्या केसांना काय द्यायचं तेही यावरून ठरतं. गुळगुळीत साटिन कुरळ्या, गुंता होणाऱ्या केसांना बरं, कारण ते केस ओढत नाही. पातळ, सुळसुळीत केसांवरून तेच साटिन तासाभरात घसरतं. त्यांना सुती स्क्रंची.

शिवायची माझी पद्धत अशी. पट्टीची सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडायची आणि कडेपासून पाऊण सेंमीवर टीप मारायची, पण दोन्ही टोकांना तीन-तीन सेंमी मोकळं सोडायचं. सेफ्टी पिन अडकवून नळी उलटवायची. आता ती मोकळी टोकं सुलट बाजूने एकमेकांना भिडवून आडवी टीप मारायची, म्हणजे कापडाचं अखंड कडं तयार होतं आणि बाजूला बोटभर फट उरते. त्या फटीतून सहा मिमीचं इलॅस्टिक ओवायचं. टोकांची गाठ मारू नये, ती केसांत टोचते आणि ताणली की सुटते. एक सेंमी एकावर एक चढवून मशीनवर झिगझॅग टाके मागे-पुढे घातले की काम पक्कं. फट हाताने बारीक टाके घालून बंद. इलॅस्टिक साधारण २० सेंमी, जाड वेणीला २२, शाळकरी मुलींच्या बटांना १८. एक सांगून ठेवते: इस्त्री जी काय करायची ती पट्टीलाच करायची. तयार स्क्रंचीवर गरम इस्त्री फिरली की इलॅस्टिकचा जीव गेला.

जाता जाता, स्क्रंची फार जुनी नाही. अमेरिकेतल्या गायिका-पियानोवादक रॉमी रेव्हसन यांना १९८७ मध्ये तिचं पेटंट मिळालं. प्लास्टिक-धातूच्या बांधण्यांनी केस तुटतात म्हणून त्यांनी इलॅस्टिकवर कापड चढवलं. आपल्याकडे त्याआधी शाळेची लाल रिबीन होतीच, पण ती बांधायला आई लागायची.

दुसरा ढीग खणाच्या बोंचा. खण हे बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं नावाजलेलं कापड, चोळीसाठी विणलेलं, म्हणून पन्हा लहान आणि दोन्ही कडांना काठ. हा काठ बोच्या मधल्या पट्टीसाठी नेमका बसतो. पण खणाच्या दशा फार सुटतात. कापायच्या आधी उलट बाजूने शिंप्यांकडचं पेस्टिंग, म्हणजे ताठ अस्तर, इस्त्रीने चिकटवून घेतलं की कापड ताठही होतं आणि कडही धरून राहते. १८ बाय १२ सेंमीचा तुकडा शिवून उलटवला, मध्ये चिमटून दोऱ्याचे घट्ट वेढे दिले, वर काठाची पट्टी गुंडाळली, की बो झाला. खरी गोम चिकटवण्यात आहे. गुळगुळीत पत्र्यावर ग्लू गनचा डिंक धरत नाही, थंड झाला की सोलून निघतो. म्हणून अ‍ॅलिगेटर क्लिपच्या (मगरीच्या जबड्यासारखी उघडते ती) वरच्या पात्यावर आधी बारीक रिबीन गुंडाळायची आणि मग त्या रिबिनीवर बो चिकटवायचा. कापडाला कापड धरतं. इन्स्टंट ग्लू सुती कापडावर अजिबात वापरू नका. तो सुतावर पडला की झपाट्याने तापतो, कधीकधी धूर निघतो आणि बोट भाजतं.

क्लिपा आणि इलॅस्टिक पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घाऊक आणले. मुंबईकरांना भुलेश्वर आहेच. घाऊक घेतल्याने इलॅस्टिक-दोरा धरून स्क्रंची पाच रुपयांच्या आत आणि खणाचा बो दहाच्या आसपास पडतोय. वेळेची किंमत धरलेली नाही. ती धरायला लागलं तर छंदच बंद करावा लागेल.

आणि गजरा. हा माझा सध्याचा लाडका. नव्या मिक्सरच्या खोक्यात भांड्याला गुंडाळलेला पांढरा, पातळ फोम येतो ना, तो. त्याची चार सेंमी रुंद पट्टी लांबीत दुमडायची आणि दुमडलेल्या बाजूने कात्रीने जवळजवळ, साधारण तीन-तीन मिमीवर चिरा द्यायच्या, पण मोकळ्या कडेशी अर्धा सेंमी शाबूत ठेवायचा. दुमड उलगडत नाही, म्हणून प्रत्येक चिरेमधला फोम छोट्या गोल पाकळीसारखा उभा राहतो. मग मोकळ्या कडेतून दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालून चुणत न्यायचं. हातभर पट्टीचा वीतभर गजरा होतो, आणि चुणी सारख्या पडल्या तर दोन हातांवरून मोगराच वाटतो. इथे ग्लू गन चालत नाही, गरम डिंकाने फोम आक्रसून भोक पडतं. सगळं काम सुई-दोऱ्याचं. मध्ये मध्ये हिरव्या ब्लाउजपीसच्या बारीक चिंध्या मरव्यासारख्या बसवल्या की पांढरा रंग उठून दिसतो. टोकांना आकडे अडकवायला दोऱ्याचे फास ठेवलेत, अंबाड्यावर लगेच बसतो. वास नाही ही एक खोट. थेंबभर अत्तर फोमवर घालू नये, डाग दिसतो. हिरव्या चिंधीवर घालावं.

अबोलीच्या रंगाचा एक पीस सापडलाय, त्याची गोव्याकडे माळतात तशी घट्ट वेणी करायचा विचार आहे. बारीक तुकडे तिकोनी दुमडून एकाखाली एक विणायचे, पण दोऱ्याची गाठ कुठे लपवायची ते अजून जमत नाहीये. कुणी केली असेल तर सांगा.

एक पथ्य मात्र पाळतेय. प्रत्येक पीस कुणाकडून आला ते आठवेल तेवढं कापडाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलंय आणि स्क्रंच्यांच्या पिशव्यांवरही तेच नाव. जोशीकाकूंचा पोपटी पीस स्क्रंची होऊन जोशीकाकूंच्याच हातात पडायला नको. त्या ओळखतील, शंभर टक्के ओळखतील.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे सगळ्या स्क्रंच्या बंद करून टाकलेल्या नाहीत. बऱ्याचशा इलॅस्टिक न ओवता, फट उघडी ठेवून एका डब्यात आहेत. बाई आली, हळदकुंकू लावलं, तिची वेणी बघितली, की आत जाऊन इलॅस्टिक २० सेंमीचं की २२ ते ठरवायचं आणि तिळगूळ खाऊन होईपर्यंत फट शिवून आणायची.