जुन्या शेव्हरोलेखाली एस-१०ची चेसिस: कापायची ती चेसिस, बॉडी नव्हे

अमेरिकेत १९४९ ते १९५२च्या शेव्हरोले स्टाइललाइन सेडान अजूनही कुणाच्या तरी कोठारातून बऱ्या अवस्थेत निघतात. वरचा पत्रा ठीक असतो, पण खालचा सगळा माल त्या काळचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ६ व्होल्टची वायरिंग, बंद नळीतून फिरणारा प्रोपेलर शाफ्ट आणि २१६ घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट (मऊ मिश्रधातू) ओतलेली बेअरिंगं असतात आणि तिथवरचं तेल रॉडखालच्या पळ्यांच्या भरवशावर. आजच्या हायवेच्या वेगाने दिवसभर दामटायची ही गाडी नव्हे. म्हणून बरेच जण तिची बॉडी शेव्हरोलेच्याच एस-१० पिकअपच्या चेसिसवर (खालच्या पोलादी चौकटीवर) बसवतात. एस-१० १९८२ ते २००४ या मॉडेल वर्षांत निघाली, त्यामुळे तिकडे सुटे भाग सहज मिळतात.

जुनी चेसिस सरळ आणि गंज न खाल्लेली असेल, तर मात्र हा उद्योग करूच नये. पुढे डिस्क ब्रेकचं किट, मागे उघड्या शाफ्टचा अ‍ॅक्सल आणि १२ व्होल्टची वायरिंग एवढ्यावर गाडी रोज चालवण्याजोगी होते आणि कामही निम्म्याने वाचतं. ‘बॉडी उचलली, ठेवली, झालं’ असं सांगणाऱ्याने बहुधा ती उचलेपर्यंतच काम केलेलं असतं.

चेसिससाठी अख्खी चालती गाडी घ्यावी, तीही टू-व्हील ड्राइव्हचीच. तिला पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग असतात, मागे पाटे. फोर-बाय-फोरला पुढे टॉर्शन बार येतात, गाडी उंच राहते आणि सेडानखाली ते सगळं विचित्र बसतं. खोलण्याआधी गाडी चालवून बघा: गिअर नीट पडतात का, ब्रेक एका बाजूला ओढतात का, चेक इंजिनचा दिवा पेटतो का. मग इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, पेडल, स्टिअरिंग कॉलम, कॉम्प्युटर आणि वायरिंग असं सगळं जपून ठेवा. बारीकसा ब्रॅकेटसुद्धा फेकू नका.

आता मुख्य हिशेब. सेडानचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ११५ इंच. एस-१०चा आखूड हौद्याचा १०८.३, लांब हौद्याचा ११७.९ आणि एक्स्टेंडेड कॅबचा १२२.९ इंच. लांब हौद्याची साधी कॅब घेतली तर २.९ इंच, म्हणजे सुमारे ७४ मिमी कमी करावे लागतात, आणि वाढवण्यापेक्षा कमी करणं केव्हाही बरं. मागच्या पाट्यांचे दोन्ही हँगर तेवढेच पुढे सरकवायचा शॉर्टकट काही जण घेतात. पण अ‍ॅक्सलवरून जाण्यासाठी चेसिसला दिलेला उंचवटा जागच्या जागीच राहतो. अ‍ॅक्सल त्याच्या पुढच्या उतरणीखाली येतो, बंप स्टॉप (धक्का झेलणारा रबरी ठोकळा) चुकतो आणि खड्ड्यात अ‍ॅक्सलची नळी चेसिसवर आपटते. बॉडीच्या चाकांच्या कमानी ओढून जुळवणं तर विचारातही घेऊ नये.

मापं घ्यायची ती जुनी गाडी अजून तिच्याच चाकांवर उभी असताना. सपाट कोब्यावर गाडी लावा, टायरमध्ये नीट हवा भरा. चारही चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, दाराखालच्या पट्टीची पुढची आणि मागची उंची, फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापासून) रेडिएटरच्या चौकटीपर्यंतचं अंतर ही मापं दोन्ही बाजूंनी घ्यायची. जुन्या बॉड्या कारखान्यातूनच दोन-तीन मिमी वाकड्या निघालेल्या असतात, त्यामुळे एका बाजूच्या मापावर विसंबू नका.

त्यानंतर बॉडीला आतून आधार. दारं लावलेली, फटी जुळलेल्या असतानाच २५ मिमीचा चौकोनी पाइप पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, मधल्यापासून मागच्यापर्यंत आणि डावीकडून उजवीकडे टॅक करून (वेल्डचे तात्पुरते ठिपके देऊन) घ्या. आडवा फुलीचा आधार विसरू नका. पुढे तळाचा पत्रा कापावा लागणार आहे, आणि तो कापला की सेडानची बॉडी वरून कितीही भक्कम दिसली तरी खालून पसरते. मग दार लागत नाही आणि दोष मात्र बिजागरीच्या माथी जातो.

चेसिस कापायची जागा कॅबच्या मागे आणि पाट्यांच्या पुढच्या हँगरच्या अलीकडे, जिथे चेसिसच्या दोन्ही कडा (लांब बाजू) सरळ धावतात. वळणावर किंवा क्रॉसमेंबरला (दोन्ही कडा जोडणाऱ्या आडव्या तुळईला) लागून कापू नये. आधी ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची नळी आणि वायरिंग पूर्ण काढा. दोन्ही कडांवर काटकोनात पंचाने रेघा मारा, दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. मग कापायच्या जागेच्या पुढे आणि मागे एकेक जाड अँगल आडवा वेल्ड करून टाका, म्हणजे तुकडे झाल्यावर कडा आत-बाहेर सरकत नाहीत. सरळ उभा काप घेऊ नका. पायरीचा किंवा तिरका काप घेतला की जोडाची लांबी वाढते आणि सगळा ताण एका उभ्या रेषेवर येत नाही.

तुकडे जुळवून फक्त टॅक करा आणि परत कर्ण मोजा. फरक एका सुताच्या, म्हणजे ३ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर टॅक तोडा, कारण पुढे अलाइनमेंट करणारा हा फरक भरून काढू शकत नाही. पूर्ण वेल्डिंग करताना २५-३० मिमीचा टाका डावीकडे, मग तेवढाच उजवीकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. एका दमात ओढलं तर वेल्ड आकसतं आणि चेसिस केळीसारखी वाकते. शेवटी आतून तेवढ्याच जाडीची पट्टी बसवा. तिची टोकं शंकरपाळ्याच्या आकाराची ठेवा आणि वरच्या-खालच्या फ्लँजच्या कडेवर आडवं वेल्ड नेऊ नका, तडे तिथूनच सुरू होतात. ही पट्टी नसलेला जोड दिसायला कितीही सुबक असला तरी भरवशाचा नाही.

शाफ्टही साधारण तेवढाच आखूड होतो, पण ७४ मिमी आकडा धरून कापायला देऊ नका. गाडीचं वजन मागच्या चाकांवर असताना मोजा. योक (शाफ्टचं सरकणारं टोक) गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकलून साधारण २० ते २५ मिमी बाहेर काढा आणि त्या जागी माप घ्या. नंतर बॅलन्सिंग करून घ्यायचंच. गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा कोन समांतर नसेल, तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि माणूस उगाच टायर बदलत बसतो.

एस-१०च्या अ‍ॅक्सलची रुंदी सेडानपेक्षा कमी, म्हणून चाकं कमानीच्या फार आत जातात. मागे फोर-बाय-फोरचा रुंद अ‍ॅक्सल वापरता येतो. पुढे कमी बॅकस्पेसिंगच्या, म्हणजे चाक बाहेर आणणाऱ्या, रिमा लावाव्या लागतात. दोन्ही गाड्यांना पाच बोल्ट, ४.७५ इंचांच्या वर्तुळावर. पण जुन्या पोलादी रिमा पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला घासतात का, ते हाताने फिरवून बघितल्याशिवाय टायर चढवू नका.

बॉडी बसवताना आधी लाकडी ठोकळ्यांवर हवी त्या उंचीला ठेवा आणि चाकांच्या मध्याशी ओळंब्याने जुळवा. तळ आणि डिकीचा पत्रा जिथे चेसिसला टेकतो तिथे कापा. काप मोठा असेल तर आधी कडेने ५० बाय २५ मिमीच्या पाइपची चौकट फिरवा, मग १.२ मिमीचा नवा पत्रा भरा. चेसिसवरचे नवे ब्रॅकेट ५ मिमी पट्टीचे, खाली तिरक्या आधारासह: फायरवॉलखाली, मधल्या खांबाखाली, मागच्या चाकाच्या अलीकडे, डिकीत आणि रेडिएटरच्या चौकटीखाली. प्रत्येक जागी रबर बुश, त्यात पोलादी स्लीव्ह, १२ मिमीचा १०.९ ग्रेडचा बोल्ट आणि रुंद वायसर. बॉडी चेसिसला थेट वेल्ड करू नये. चेसिस रस्त्यावर पिळते, बॉडीला तेवढं पिळता येत नाही, आणि पहिला तडा पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात जातो.

दारांच्या फटी शिमने, म्हणजे बॉडी आणि ब्रॅकेटमध्ये घालायच्या पातळ चकत्यांनी, जुळवायच्या. पुढचं दार मागच्या वरच्या कोपऱ्यात मधल्या खांबाला लागत असेल, तर बॉडी मध्ये खचली आहे. मधल्या खांबाखाली शिम घाला किंवा फायरवॉलखालची काढा. वरची फट उलट जास्त उघडत असेल तर फायरवॉलखाली शिम वाढवा. प्रत्येक बदलानंतर बोल्ट आवळूनच बघायचं, कारण ढिल्या बोल्टवरची फट खोटी असते. हे जमेपर्यंत आतला आधार काढायचा नाही.

स्टिअरिंगसाठी एस-१०चाच दबणारा कॉलम ठेवा. युनिव्हर्सल जॉइंट दोनऐवजी तीन लागले तर मधल्या शाफ्टला बेअरिंगचा आधार हवाच, नाहीतर तो डोलतो. ब्रेकचा बूस्टर जुन्या फायरवॉलच्या पातळ पत्र्याला नुसता लावला तर पेडल दाबताना पत्राच वाकतो आणि ब्रेकमध्ये हवा असल्यासारखं वाटतं. मागून किमान ३ मिमीची प्लेट आणि डॅशबोर्डापर्यंत आधार द्या. रिकाम्या पिकअपपेक्षा सेडानच्या मागच्या चाकांवर वजन जास्त असतं, त्यामुळे मागच्या ब्रेकचा दाब नव्याने जुळवावा लागतो.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट हमखास चुकते. बॉडी रबरावर बसलेली असल्यामुळे तिला अर्थिंग मिळत नाही. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॉडी अशा जाड विणलेल्या पट्ट्या लावा, नाहीतर दिवे मंद आणि काटे नाचरे. जुने ६ व्होल्टचे मीटर ठेवायचे असतील तर त्यांना व्होल्टेज रिड्यूसर लागतो. पेट्रोलची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे गेली तरी इंजेक्शनच्या इंजिनाला टाकीतलाच पंप आणि त्या दाबाचीच होज द्यायची.

कागदपत्रांचं बघूनच कापाकापी सुरू करा. गाडी कुठल्या नंबरवर नोंदायची, याचे नियम अमेरिकेत राज्यागणिक वेगळे आहेत. गाडीच्या ओळख क्रमांकाची (व्हीआयएनची) पट्टी एका गाडीवरून काढून दुसरीवर लावणं हा मात्र तिथे सरळ गुन्हा आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या, त्यामुळे जुन्या शेव्हरोले आपल्याकडेही आहेत. पण इथे गाडीत मनाजोगे बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. अँबेसिडर आणि पद्मिनीचा तर प्रश्नच नाही. त्यांना वेगळी चेसिसच नाही, बॉडी हीच चेसिस.

स्प्रिंग सगळ्यात शेवटी ठरवा. काचा, सीट, बंपर, बॅटरी आणि अर्धी टाकी पेट्रोल असं सगळं चढल्यावरच खरी उंची कळते. मागे गाडी ताठ वाटली तर पाट्यांतलं एक पान कमी करता येतं. त्यानंतर अलाइनमेंट. पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर बॉडीचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत आवळा, आणि चेसिसच्या जोडावर डाय पेनिट्रंट (तड्यात मुरून तो दाखवणारा रंगीत द्रव) मारून तडे आहेत का ते बघा. जोडावर रंग मारायचा तो हे झाल्यावर.